वाचकांचे प्रश्न : अपोलो १३ च्या टाकीत पेटले काय?

प्रश्न (सातारा) : ऑक्सिजन स्वतः जळत नाही, असे शाळेत शिकलो. मग चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ यानाची ऑक्सिजन टाकी फुटली तेव्हा पेटले काय? आत हीटरला थर्मोस्टॅट होता ना?

उत्तर : पेटले ते वायरींवरचे टेफ्लॉन. उघड्या हवेत ते सहजी पेटत नाही. पण साधारण ६० पट वातावरणदाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये एक ठिणगी पडली तरी पुरते.

ते टेफ्लॉन जळण्याजोगे झाले जमिनीवरच. हीटरचे थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडून वीज तोडणारे स्विच, २८ व्होल्टसाठी बनवलेले होते. १९६५ मध्ये प्रक्षेपणतळावरच्या पुरवठ्यासाठी ६५ व्होल्ट ठरले, थर्मोस्टॅट मात्र जुनेच राहिले. एरवी टाकी इतकी थंड असते की थर्मोस्टॅट उघडण्याची वेळच येत नाही. त्यामुळे दोष चाचण्यांत सापडला नाही.

ऑक्टोबर १९६८ मध्ये, अपोलो १० च्या यानातून ही टाकी काढताना एक बोल्ट तसाच राहिला आणि टाक्यांची फळी सुमारे ५ सेंटिमीटर उचलली जाऊन खाली आदळली. बहुधा तेव्हाच भरण्याची आतली नळी सैल झाली. मार्च १९७० मधल्या प्रक्षेपणाच्या तालमीनंतर टाकी नेहमीच्या पद्धतीने रिकामी होईना, म्हणून हीटर आठ तास चालू ठेवून ऑक्सिजन उडवला. २७ अंश सेल्सिअसला थर्मोस्टॅट उघडू लागला, पण ६५ व्होल्टच्या ठिणगीने त्याचे संपर्कबिंदू वितळून एकमेकांना चिकटले आणि हीटर तापतच राहिला. हीटरच्या नळीचे तापमान ५०० अंशांच्या वर गेले असावे, असा चौकशी मंडळाचा निष्कर्ष आहे. तापमान दाखवणारा काटा मात्र २७ अंशांच्या आसपासच थांबत असे, कारण त्यापुढे मोजायची गरज पडेल असे कोणी धरलेच नव्हते. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करते ती ही गोष्ट. त्याच काट्यावर आणखी शे-दोनशे अंशांच्या खुणा असत्या, तर ती टाकी यानात राहिली नसती.

१३ एप्रिलला, उड्डाणात, अंतराळवीर जॅक स्वायगर्ट यांनी ऑक्सिजन ढवळणारे पंखे सुरू केले. करपलेल्या वायरींत शॉर्टसर्किट झाले आणि सुमारे दीड मिनिटात टाकी फुटली. धक्क्याने दुसरी टाकीही गळू लागली. इंधनघट ऑक्सिजन आणि हायड्रोजनपासून वीज व पाणी बनवत, तेही थांबले.

अपोलो १४ साठी पंखे आणि थर्मोस्टॅट दोन्ही काढले, वायरी पोलादी नळीत घातल्या आणि तिसरी टाकी वेगळ्या कप्प्यात बसवली.

प्रश्न (डोंबिवली) : अपोलो १३ मध्ये हवा शुद्ध करणारा चौकोनी डबा गोल खाचेत बसवला म्हणतात. तो नेमका कसा?

उत्तर : बसवला नाही, नळीला जोडला. श्वासातला कार्बन डायऑक्साइड लिथियम हायड्रॉक्साइड शोषून घेते आणि त्याचे लिथियम कार्बोनेट होते, म्हणून डबे बदलावे लागतात. मुख्य यानाची वीज गेल्यावर तिघे अंतराळवीर त्याला जोडलेल्या, चंद्रावर उतरण्यासाठीच्या 'ॲक्वेरियस' यानात आले. त्यातले डबे गोल होते आणि दोघांना सुमारे दोन दिवस पुरतील इतकेच. आता तिघांना चार दिवस काढायचे होते. मुख्य यानात डबे भरपूर होते, पण चौकोनी. दोन्ही याने बांधणाऱ्या कंपन्या वेगळ्या.

एड स्मायली यांच्या गटाने ह्यूस्टनमध्ये जोडणी करून पाहिली आणि पायऱ्या रेडिओवरून वाचून दाखवल्या. डब्याभोवती चिकटपट्टी, चिकट बाजू वर ठेवून, गुंडाळायची. तोंडावर प्लास्टिकची पिशवी ओढून त्या पट्टीवर दाबायची. पिशवीखाली सूचनापुस्तिकेच्या पुठ्ठ्याची कमान ठेवायची. ती नसली, तर पंख्याच्या ओढीने पिशवी जाळीला चिकटते आणि हवा अडते. पिशवीला भोक पाडून त्यात अवकाशपोशाखाची नळी घालून सांधा पट्टीने बंद करायचा. डब्याच्या तळाशी आणखी एक भोक असते, त्यात मोजा कोंबायचा, नाहीतर हवा रसायन टाळून तिथूनच निघून जाते. मग पोशाखाचा पंखा डब्यातून हवा ओढतो. असे दोन संच केले.

प्रश्न (मडगाव) : ते लगेच मागे का वळले नाहीत?

उत्तर : मुख्य इंजिन स्फोटाच्या जागेजवळच होते, त्यावर भरवसा ठेवता येईना. शिवाय थेट वळायचे तर ॲक्वेरियस सोडून द्यावे लागले असते. म्हणून चंद्राला वळसा घातला. ॲक्वेरियसच्या इंजिनाने आधी ३४ सेकंदांचा जोर दिला. त्या मार्गाने यान हिंद महासागरात उतरले असते. चंद्राच्या सर्वांत जवळून गेल्यावर दोन तासांनी सुमारे साडेचार मिनिटांचा जोर दिला. त्याने प्रवास नऊ-दहा तासांनी आटोपता झाला आणि १७ एप्रिल १९७० ला यान पॅसिफिकमध्ये, वाट पाहणाऱ्या जहाजांजवळ उतरले.