संशोधनही करायचं आणि ग्रामसभेत बोलायचंही

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. गावात खाजन शेतीवर (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या जमिनीतली शेती) बैठक झाली तेव्हा माती तपासणीचा अहवाल तिनेच सगळ्यांना समजावून सांगितला. आता म्हणते, संशोधन करायचं आणि लोकांशी, सरकारशी बोलायचंही. याला नोकरी असते का? सरकारी संस्थेत लागली तर गप्प बसावं लागेल का?
– एक आई, चोडण

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

नोकरी असते, पण ‘विज्ञान संवादक’ नावाचं पद शोधत बसलात तर हाती फार थोडं लागेल. हे काम बहुधा दुसऱ्या कामाला जोडून येतं. म्हणून आधी एमएस्सी, आणि तीही हाताने मोजमाप करायला लावणारी. आकडा कुठून आला हे ज्याला ठाऊक असतं, सुनावणीत त्याच्याच बोलण्याला वजन येतं.

तिच्या अहवालाचंच घ्या. मातीतला खार विद्युतवाहकतेवरून मोजतात, एकक डेसिसीमेन्स प्रति मीटर. साधारण भातजातींचं उत्पन्न 3 च्या पुढे घटू लागतं, पुढच्या प्रत्येक एककाला सुमारे 12 टक्के. 5 आलं म्हणजे जवळजवळ पाव पीक गेलं. कुळांना ‘वाहकता 5’ सांगून काही कळणार नाही, ‘चार पोत्यांतलं एक जाणार’ हे लगेच कळतं. कोरगूटसारख्या खार सोसणाऱ्या जातींना मात्र हा हिशेब लावू नये.

खरी गफलत इथून पुढे होते. हा नियम संपृक्त मातीच्या, म्हणजे पाण्याने पुरत्या भिजवलेल्या मातीतून काढलेल्या, अर्कावर बसवलेला आहे. अनेक प्रयोगशाळा एक भाग मातीत दोन किंवा अडीच भाग पाणी घालून मोजतात, त्यात आकडा बराच कमी येतो. पद्धत न पाहता दोन अहवाल शेजारी ठेवले की एक सल्लागार माती चांगली म्हणतो, दुसरा नासली म्हणतो, आणि खोटं कुणीच बोलत नसतं. नमुना कधी घेतला हेही विचारावं : पावसात मीठ धुऊन जातं, मे महिन्यात वर येतं. मानशीची (बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची) दारं कुजून खारं पाणी आत येत असेल तर आणखी वेगळं. असे प्रश्न विचारता येणं हीच या क्षेत्रातली मोठी कमाई, असं मला वाटतं.

धोरणाच्या बाजूला मुदत सांभाळावी लागते. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते, आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही हवा. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या मसुदा अधिसूचनांवर हरकतींना साधारण 60 दिवस मिळतात. शोधनिबंध छापून येण्याची वाट पाहत शास्त्रज्ञ ही मुदत घालवतात, किंवा चाळीस पानं पाठवतात जी कोणी वाचत नाही. दोन पानं पुरतात : कोणतं कलम, काय बदल, पुरावा काय, खात्री किती. मोजमाप काय सांगतं आणि आपल्याला काय व्हावंसं वाटतं, हे वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहावं. एकत्र झालं की विरोधक दुसऱ्यावर बोट ठेवून पहिलंही उडवून लावतात.

मजकूर लोकांच्या भाषेत आणि वेळेत हाती पडावा लागतो, नाहीतर त्यावर चर्चा कशी होणार? पश्चिम घाटावरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये सादर झाला, पण लोकांसमोर आला 2012 मध्ये. त्यावर ग्रामसभांत चर्चा व्हावी, असा गाडगीळांचा आग्रह होता.

आता गप्प बसण्याचं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या केंद्रीय संस्थांत 1964 चे वर्तणूक नियम लागू असतात. निव्वळ शास्त्रीय लेखनाला वाव असतो, सरकारच्या धोरणावर जाहीर टीकेला नाही. ‘इथे गाळ इतका साचतो’ म्हणता येतं, ‘प्रकल्प रद्द करा’ म्हणता येत नाही. उलट केंद्राच्या 2022 च्या वैज्ञानिक सामाजिक जबाबदारी मार्गदर्शक सूचनांत वर्षाला किमान 10 दिवस समाजासाठी देण्याची अपेक्षा आहे. मुलाखतीत त्याबद्दल जरूर विचारावं. थेट भूमिका घ्यायची असेल तर मात्र स्वयंसेवी संस्था किंवा पत्रकारिता बरी.

कायदे कसे घडतात ते जवळून पाहायचं तर संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे : कोणतीही पदवी चालते, वय 25 पर्यंत हवं, काम दिल्लीत एका खासदाराबरोबर. एमएस्सीनंतर लगेच अर्ज केला तर वयात बसेल.

तोवर पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे जाऊन लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या जीवजातींची नोंद) मागून पाहू दे. खाजनातल्या भातजाती आणि कांदळवनाच्या नोंदी अपुऱ्या असतील तर सुट्टीत त्या भरायला तिला आत्ताच सुरुवात करता येईल.