अपडेट आणि रीबूट करूनही लिनक्स जुन्याच कर्नेलवर का सुरू होतं?

तुमची अडचण मला कळली ती अशी: उबुंटू लिनक्सवर अपडेट बिनतक्रार होतंय, /बूट मध्ये नव्या कर्नेलची (सिस्टिमच्या गाभ्याची) फाइल दिसतेय, ग्रबची, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नेल उचलणाऱ्या प्रोग्रामची, यादी ताजी करणारं अपडेट-ग्रब चालवलं की नवा कर्नेल सापडल्याची ओळही येते, आणि तरी रीबूटनंतर चालू कर्नेल सांगणारं यूनेम -आर जुनाच आकडा दाखवतं. शेवटी विचारलंय की जुना कर्नेल काढूनच टाकला तर?

आत्ता अजिबात काढू नका. तुमचं मशीन ज्या कर्नेलवर उठतंय तो चालतो एवढंच सध्या नक्की आहे, नव्याबद्दल अजून काहीच नक्की नाही. शिवाय पॅकेज काढलं की /लिब/मॉड्यूल्स मधला त्या कर्नेलच्या मॉड्यूल्सचा, म्हणजे ड्रायव्हरचा, फोल्डरही जातो. ग्रब जर भलत्याच ठिकाणाहून कर्नेल उचलत असेल, आणि तुमच्या वर्णनावरून मला तसंच वाटतंय, तर जुना कर्नेल सुरू होतच राहील. फक्त त्याचे ड्रायव्हर गेलेले असतील. मग वायफाय नाही, कधीकधी कीबोर्डही नाही. लोक या फेऱ्यात अडकतात ते इथेच.

मुळात इथे दोन वेगळी कामं आहेत. पॅकेज बसवणारं एपीटी नवा कर्नेल /बूट मध्ये लिहितं, आणि मशीन चालू करताना ग्रब स्वतःला ठाऊक असलेल्या जागेवरून कर्नेल वाचतो. दोन्ही जागा एकच असतील असं आपण धरून चालतो, पण तसं बंधन कुठेच नाही. लिहिणं नीट झालंय हे तुम्ही स्वतःच तपासलंय. आता वाचणं कुठून होतंय ते शोधायचं.

पहिला फाटा ग्रबच्या मेनूत आहे. मशीन सुरू होताना, त्याचं फर्मवेअर यूईएफआय असेल तर एस्केप टिचकवा, जुनं बायोस असेल तर शिफ्ट दाबून धरा. मेनू आला की 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा आणि नवा कर्नेल यादीत आहे का एवढंच बघा. असेल, तर ग्रब बरोबर जागी वाचतोय, फक्त निवड चुकतेय. नसेल, तर तो जी यादी दाखवतोय ती तुमच्या अपडेट-ग्रबने लिहिलेलीच नाही. मग अपडेट-ग्रब आणखी कितीही वेळा चालवा, काही फरक पडणार नाही.

निवड चुकत असेल तर काम सोपं आहे. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब उघडा आणि ग्रब_डिफॉल्ट ची ओळ बघा. तिथे 'सेव्ह्ड' असेल तर पूर्वी कधीतरी निवडलेली नोंद ग्रबने जपून ठेवली आहे. ग्रब-एडिटएन्व्ह लिस्ट चालवलं की ती दिसेल. '१>२' असं काही असेल तर तो मेनूतल्या जागेचा क्रमांक आहे, कर्नेलचा नाही. नवा कर्नेल आला की बाकीचे खाली सरकतात आणि त्या क्रमांकावर कायम कुठला तरी मागचाच येऊन बसतो. एखादा ड्रायव्हर चालेना म्हणून कुणीतरी हे तात्पुरतं केलेलं असतं आणि ते तसंच राहून जातं. दोन्ही बाबतीत तिथे ० लिहा, अपडेट-ग्रब चालवा, झालं. फेडोराचं वेगळं आहे. तिथे ग्रबी --डिफॉल्ट-कर्नेल विचारा आणि /ईटीसी/सिसकॉन्फिग/कर्नेल मध्ये अपडेटडिफॉल्ट=येस आहे ना ते बघा.

नवा कर्नेल मेनूत नसेल तर खरं शोधकाम सुरू होतं, आणि त्यासाठी एक फाइल सोन्यासारखी आहे: /प्रोक/सीएमडीलाइन. कॅटने वाचा. सुरुवातीलाच बूट_इमेज= असं दिसेल आणि पुढे ग्रबने कर्नेल उचलला तो मार्ग. त्या मार्गाची सुरुवात नीट बघा. '/बूट/व्हीएमलिनझ...' असेल तर ग्रबने डिस्कच्या मुख्य भागातून, म्हणजे रूट पार्टिशनमधून वाचलं. नुसतं '/व्हीएमलिनझ...' असेल तर बूटसाठी वेगळं पार्टिशन आहे आणि त्यातून वाचलं. आता फाइंडमाउंट /बूट चालवा, /बूट ला कुठलं पार्टिशन जोडलंय ते त्यात दिसतं. वरच्या मार्गात 'बूट' शब्द नाही आणि फाइंडमाउंटही काही दाखवत नाही, असं असेल तर चोर सापडला. बूटचं पार्टिशन माउंटच होत नाहीये, म्हणजे सिस्टिमला जोडलंच जात नाहीये. एपीटी नवे कर्नेल रूट पार्टिशनवरच्या /बूट नावाच्या साध्या फोल्डरमध्ये टाकतंय, अपडेट-ग्रबही तिथेच लिहितंय, आणि ग्रब मात्र इमानेइतबारे खऱ्या पार्टिशनमधली जुनी यादी वाचतोय. तुम्हाला /बूट मध्ये नवी फाइल दिसते ती याच फोल्डरमधली.

दुरुस्ती करताना क्रम पाळा. एलएसबीएलके -एफ ने बूटचं पार्टिशन ओळखा, बहुधा एक-दोन जीबीचं ईएक्सटी४ असतं. कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं हे सांगणाऱ्या /ईटीसी/एफएसटॅब मध्ये त्याची ओळ गायब आहे की यूयूआयडी (पार्टिशनची ओळखखूण) बदललाय ते बघून ती नीट करा. /बूट/ईएफआय माउंट असेल तर आधी अनमाउंट करा. मग आत्ताच्या /बूट फोल्डरला दुसरं नाव द्या, पुसू नका. रिकामा /बूट तयार करा, माउंट -ए चालवा आणि एलएसने आत जुनी यादी दिसतेय ना याची खात्री करा. त्यानंतरच नव्या कर्नेलचं पॅकेज एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल ने पुन्हा बसवा. इनिटरॅमएफएस (सुरू होताना कर्नेलला लागणाऱ्या ड्रायव्हरची फाइल) आणि ग्रबची यादी त्यातच तयार होते. रीबूट करून नवा कर्नेल आला की नाव बदललेला फोल्डर काढायला हरकत नाही.

आर्च लिनक्सवर याच रोगाचं जास्त वाईट रूप दिसतं. तिथे ईएफआयचं पार्टिशनच /बूट वर माउंट करायची पद्धत आहे, ते फॅट प्रकारचं असतं, आणि तिथलं पॅकेज बसवणारं पॅकमन अपडेट करताना जुन्या कर्नेलची मॉड्यूल्स काढून टाकतं. एकदा ते पार्टिशन माउंट नसताना अपडेट झालं की पुढच्या वेळी जुना कर्नेल उठतो, त्याला व्हीफॅटचं मॉड्यूल मिळत नाही, आणि माउंट म्हणतं की 'व्हीफॅट' हा प्रकार मला माहीतच नाही. पार्टिशन माउंट करायला मॉड्यूल हवं आणि मॉड्यूलशी जुळणारा कर्नेल त्याच पार्टिशनवर जायला हवा. आतून सुटका अवघड. लाइव्ह यूएसबीवरून दोन्ही पार्टिशन माउंट करून, आर्च-सीएचरूटने डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत जाऊन बहुधा कर्नेल पुन्हा बसवावा लागतो.

फाइंडमाउंटने /बूट नीट दाखवलं, किंवा वेगळं पार्टिशन मुळातच नसेल, तर संशय दुसऱ्या डिस्कवर. तुमच्या मशीनमध्ये एकच डिस्क आहे का हे तुम्ही लिहिलेलं नाही. जुन्या डिस्कवरून नव्या एसएसडीवर क्लोन केलं असेल आणि जुनी अजून आतच असेल तर दोन्हींचे यूयूआयडी हुबेहूब सारखे असतात. ग्रब यूयूआयडीनेच शोधतो आणि आधी सापडेल ती डिस्क घेतो. बीएलकेआयडी चालवा. तोच यूयूआयडी दोनदा दिसला तर मशीन बंद करून जुनी डिस्क काढा आणि पुन्हा सुरू करा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच उत्तर मिळतं. ती डिस्क ठेवायचीच असेल तर अनमाउंट असताना ट्यून२एफएस -यू रँडम ने तिचा यूयूआयडी बदला.

दुसरं लिनक्सही बसवलेलं असेल तर त्याचा ग्रब पुढे येऊन बसलेला असू शकतो. त्याच्या यादीत तुमच्या उबुंटूचे कर्नेल असतात खरे, पण त्या बाजूने शेवटचं अपडेट-ग्रब चाललं त्या दिवशीचे. ईएफआयबूटएमजीआर -व्ही मधला बूटकरंट आकडा बघा, कोणाची नोंद चालू आहे ते कळेल. -ओ ने उबुंटूला पहिलं करा. मेनूत 'सी' दाबून इको $प्रीफिक्स लिहिलं तरी ग्रब कोणत्या डिस्कच्या कोणत्या पार्टिशनवर बसलाय ते तो स्वतःच सांगतो. मला हा सगळ्यात खात्रीचा उपाय वाटतो, कारण इथे अंदाज कुणाचाच नाही. बायोसवाल्या मशीनवर दोन डिस्क असतील तर डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी चालवून मशीन ज्या डिस्कवरून उठतं तीही निवडा.

तुम्हाला लागू नसलेल्या, पण हाच प्रश्न घेऊन येणाऱ्या इतरांसाठी: डीएफ -एच /बूट शंभर टक्के दाखवत असेल तर इनिटरॅमएफएस अर्धवट राहिलेलं असू शकतं. नको असलेली पॅकेजं काढणाऱ्या ऑटोरिमूव्हने जागा करा आणि अपडेट-इनिटरॅमएफएस पुन्हा चालवा. कंटेनरमध्ये यूनेम नेहमी बाहेरच्या यजमान मशीनचाच कर्नेल दाखवणार. डेबियनवर नवा कर्नेल बसतच नसेल तर लिनक्स-इमेज-एएमडी६४ हे (नवा कर्नेल ओढून आणणारं) मेटापॅकेज निघून गेलंय का बघा. आणि डेबियनवर '६.१.०-१८' असं नाव दिसलं म्हणून घाबरू नका, तो खरा आवृत्ती क्रमांक नव्हे. यूनेम -व्ही मध्ये ६.१.७६-१ असा खरा क्रमांक मिळतो.

यातलं काहीच जुळलं नाही तर /प्रोक/सीएमडीलाइन ची पूर्ण ओळ, फाइंडमाउंट /बूट आणि एलएसबीएलके -एफ या तिन्हींचं आउटपुट प्रश्नात जोडा आणि मेनूत नवा कर्नेल दिसला की नाही तेही लिहा. तोवर ऑटोरिमूव्ह चालवू नका.