वाचक विचारतात: ते जर्मन जेट अख्खं राहिलं कसं?

प्रश्न: नमस्कार. माझा भाचा म्युनिकला शिकायला आहे, त्यानं तिथल्या डॉइचेस म्युझियममधल्या मेसरश्मिट 262 ह्या जेटचा फोटो पाठवलाय. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी बेचिराख झाली मग हे विमान अख्खं राहिलं कसं? आणि भाचा म्हणतोय त्याचं इंजिन 25 तासच टिकायचं, हे काय मला पटंना. आमच्या मळ्यातलं ऑइल इंजिन 30 वर्षं पाणी उपसतंय.
– एक फाउंड्रीवाला, उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर: दादा, भाचा बरोबर सांगतोय. उलट 25 तास म्हणजे जास्तच धरले, कित्येक इंजिनं 10-12 तासांतच उतरवायला लागायची. कारण तुमच्याच धंद्यातलं आहे, मटेरियल! जर्मनीकडं उष्णता सोसणाऱ्या पोलादाला लागणाऱ्या निकेलची मारामारी होती, त्यामुळं ह्या विमानाच्या युमो 004 इंजिनात जिथं आग पेटते तो भाग साध्या पोलादाचा केला आणि वरून ॲल्युमिनियमचा थर दिला, टर्बाइनची पाती आतून पोकळ ठेवून त्यात हवा खेळवली. डिझाइन डोकेबाज, पण लाल तापलेल्या साध्या पोलादाचं काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू. वर पायलटनं थ्रॉटल जरा झटक्यानं ढकलला की इंजिन तापून जळायचं नाहीतर विझायचं. तरी पळायचं मात्र ताशी 870 किलोमीटरच्या आसपास, तेव्हाच्या पंख्याच्या विमानांना मागं टाकून.

आता ते राहिलं कसं. 25 एप्रिल 1945 ला, म्हणजे जर्मनी शरण यायला दोन आठवडे पण नव्हते, हान्स गिडो मुटके नावाचा पायलट म्युनिकजवळच्या फ्युर्स्टनफेल्डब्रुकवरनं उडाला आणि उतरला थेट स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकजवळ ड्युबेनडॉर्फला. तो म्हणायचा वाट चुकली, तेल संपत आलेलं. पळूनच गेला असं म्हणणारेही आहेत, आणि युद्ध हरल्यात जमा असताना नेमकी तटस्थ देशाचीच धावपट्टी सापडावी हे मलाही जरा जास्तच सोयीचं वाटतं. (असली भानगड आपल्याकडंही झालीय, 1965 च्या 3 सप्टेंबरला आपल्या हवाई दलाचं एक नॅट लढाऊ विमान पाकिस्तानात पसरूरला उतरलं, आपला पायलट म्हणाला चुकून उतरलो, ते म्हणतात आम्ही उतरवलं, विमान आजही कराचीच्या म्युझियममध्ये आहे.)

स्विस लोकांनी मुटकेचं विमान ताब्यात घेतलं पण उडवलं नाही, नुसतं ठेवून दिलं, आणि 1957 ला पश्चिम जर्मनीला परत केलं, तेच हे भाच्यानं पाहिलेलं. ह्याची भावंडं साधारण 1,400 बनली, त्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. मुटके पुढं डॉक्टर झाला आणि 9 एप्रिल 1945 ला सूर मारताना मी ध्वनीचा वेग ओलांडला असं सांगत राहिला, पण जाणकार ते मानत नाहीत, तो मान 1947 ला ध्वनीचा वेग ओलांडणाऱ्या अमेरिकन पायलट चक यीगरलाच जातो.

एक गंमत राहिलीच. हे जेट इंजिन सुरू करायला आत एक छोटं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन बसवलेलं, आणि त्याचा बटण-स्टार्ट बिघडला तर मेकॅनिक दोरी ओढायचा, अगदी आपण उसावर औषध मारायच्या पंपाला ओढतो तश्शी. भाच्याला म्हणावं परत गेलास तर इंजिनाच्या तोंडात मधोमध जी टोपी असते तिच्या टोकाकडं बघ, दोरीची कडी तिथंच असायची.