उन्हात तापलेली झेव्रे-शाँबेर्तँ आणि ‘काच अखंड’चा शेरा

आपला प्रश्न वाचला आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवले नाही, कारण काही वर्षांपूर्वी मी नेमका याच त्रासातून गेलो आहे. वडिलांच्या निवृत्तीच्या समारंभासाठी आपण झेव्रे-शाँबेर्तँ या, फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या तांबड्या वाइनच्या सहा बाटल्यांची पेटी एका फ्रेंच विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवली. ती जुलैच्या कडक उन्हाळ्यात कुरिअरच्या गोदामात अडकून फ्रान्समधल्या लिऑन शहरातल्या आपल्या घरी उशिरा पोचली, दोन बाटल्यांची बुचे वर सरकलेली आहेत, आणि एकही बाटली फुटलेली नसल्यामुळे नुकसान झालेलेच नाही असे कुरिअरवाले म्हणतात. पैसे कोणाकडे मागावेत आणि उरलेल्या बाटल्या नागपूरला न्याव्यात का, हे आपण विचारले आहे. बर्गंडीच्या वाइनच्या दर्जांची उतरंड, लेबल कसे वाचावे वगैरे आपणास ठाऊक असल्याचे आपल्या लिहिण्यावरून दिसते, म्हणून त्यात शिरत नाही. मी वकील नाही आणि वाइनच्या धंद्यातही नाही; फ्रान्समध्ये राहून बर्गंडीची वाइन विकत घेणारा एक ग्राहक एवढाच माझा अधिकार आहे, तेव्हा कायद्याचे मुद्दे जाणकाराकडून एकदा तपासून घ्यावेत.

कुरिअरशी पत्रव्यवहार करण्यात एक दिवसही घालवू नये. माझ्या प्रकरणात त्यांच्या तक्रार विभागाने आधी फुटलेल्या काचेची छायाचित्रे मागितली. काच फुटलेलीच नाही, वाइन तापून खराब झाली आहे, असे कळवल्यावर मूळ वेष्टन मागितले. ते पाठवल्यावर ‘काच अखंड, सबब नुकसान नाही’ असा शेरा मारून प्रकरण बंद केले. ते पुन्हा उघडायला लावले तेव्हा उत्तर आले की, दावा फक्त माल पाठवणाऱ्यानेच करायचा असतो. हे पहिल्याच दिवशी सांगता आले असते, पण त्या विभागातल्या कोणालाही ते सांगावेसे वाटले नाही. तिकडे विक्रेता म्हणत होता की, कुरिअरने चूक मान्य केल्याखेरीज आम्हाला काही करता येत नाही. या टोलवाटोलवीत उन्हाळा संपला, हिवाळाही सरला. गोदामाच्या पत्र्याखाली वाइनची पेटी दिवसेंदिवस तापत ठेवणे ही हानी आहे, एवढे समजून घेणारा एकही माणूस त्या साखळीत नव्हता, याचा मला आजही मनस्वी राग येतो.

वस्तुस्थिती अशी आहे की, युरोपीय संघाच्या ग्राहक हक्कांविषयीच्या 2011 च्या निर्देशानुसार, आणि त्यावर बेतलेल्या फ्रेंच कायद्यानुसार, माल ग्राहकाच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत त्याची जोखीम विक्रेत्याची असते. वाहतूकदार आपण स्वतः ठरवला असेल तरच याला अपवाद आहे. म्हणून विक्रेत्याला आजच ईमेल करावा आणि पाठोपाठ पोचपावतीसह नोंदणीकृत पत्र पाठवावे. वाहतूकदाराकडे हरकत नोंदवण्याची मुदत फार थोड्या दिवसांची असते आणि ती निसटली तर विक्रेता तेच निमित्त पुढे करतो, त्यामुळे घाई महत्त्वाची आहे. विक्रेत्याने दाद दिली नाही तर ग्राहक मध्यस्थाकडे जाता येते. ही सेवा ग्राहकाला विनामूल्य असते, मात्र त्याआधी विक्रेत्याकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते आणि त्या तक्रारीपासून वर्षभरात मध्यस्थाकडे जावे लागते.

पत्राआधी छायाचित्रे नीट काढावीत. बाटलीच्या तोंडावरचे आवरण बोटांनी फिरवून पाहावे. एरवी ते बहुधा सहज फिरते. वाइन झिरपून खाली सुकली असेल तर घट्ट चिकटून बसते. आवरण कापल्यावर बूच काचेच्या कडेच्या वर आलेले दिसते, आणि बूच काढल्यावर त्याच्या अंगावरून तळापासून माथ्यापर्यंत गेलेला जांभळट ओघळ दिसतो. या दोन्हींची जवळून छायाचित्रे असू द्यावीत, पेटीवरच्या तारखांच्या चिठ्ठीचेही असावे. संशयित बाटल्यांपैकी एकच उघडावी. ताज्या चेरी-रासबेरीऐवजी शिजवलेल्या फळांचा, मुरंब्यासारखा वास येत असेल आणि चव सपाट लागत असेल तर ती वाइन गेली असे समजावे.

हे इतके जिवाला लावून का घ्यायचे, असे कुरिअरच्या तक्रार विभागातल्या बाईंनी मला फोनवर विचारले होते. त्याचे उत्तर त्या जमिनीत आहे. बर्गंडीतल्या दिजाँ शहराच्या दक्षिणेला सुमारे 12 किलोमीटरवर झेव्रे हे गाव आहे. 1847 मध्ये त्याने आपल्या सर्वांत नामवंत बागेचे, शाँबेर्तँचे, नाव स्वतःच्या नावाला जोडून घेतले. त्याच्या शिवारात 9 ग्राँ क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या, बागा आहेत, आणि त्यांतल्या क्लो द बेझ या बागेचा इतिहास सातव्या शतकातल्या मठापर्यंत मागे जातो. जंगलाच्या खालच्या पूर्वाभिमुख उतारावर, चुनखडीच्या पातळ मातीत पिनो न्वार ही द्राक्षाची एकच जात लावलेली असते. तरी एका बांधाच्या अलीकडची आणि पलीकडची वाइन वेगळी लागते. या लहान लहान शेतांना युनेस्कोने 2015 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला तो याच कारणासाठी. पिनो न्वारची साल पातळ असते, तिच्यात टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारे द्रव्य, बेताचे असते आणि सगळी श्रीमंती गंधात असते. उष्णतेने पहिल्यांदा तोच जातो, म्हणजे ज्या शेताचे नाव वाचून आपण पैसे मोजले ते शेतच बाटलीतून नाहीसे होते.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की, जून ते सप्टेंबर या काळात बर्गंडीची वाइन पार्सलने मागवूच नये. चांगला विक्रेता विनंती केल्यास पेटी ऑक्टोबरपर्यंत आपल्या तळघरात ठेवून घेतो. आपण तर लिऑनला राहता, तेव्हा सरळ दिजाँला जावे आणि तिथून लोकल गाडीने झेव्रेला उतरावे. मात्र द्राक्षतोडणीच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, जाऊ नये, कारण त्या वेळी कोणाही बागाइतदाराला बोलायची उसंत नसते. भेटीची वेळ आधी ठरवून घ्यावी. ग्राँ क्रूच्या मागे लागण्यापेक्षा चांगल्या बागाइतदाराची गावपातळीची, म्हणजे लेबलावर फक्त गावाचे नाव असलेली, वाइन घ्यावी, आणि ऐपत असेल तर झेव्रेतल्याच क्लो सँ-झाक या बागेची एखादी बाटली. ती कागदोपत्री प्रमिए क्रू, म्हणजे ग्राँ क्रूच्या एक पायरी खालची, असली तरी माझ्या मते काही ग्राँ क्रूंच्या तोडीची आहे, अर्थात किंमतही त्याच तोडीची असते. हात आखडता घ्यायचा असेल तर शेजारच्या फिक्सँ आणि मार्साने या गावांच्या वाइन पाहाव्यात. 2021 च्या एप्रिलमध्ये कडाक्याच्या थंडीने दव गोठून त्या वर्षीचे पीक फारच थोडे आले, त्यामुळे त्या सालच्या बाटल्या कमी दिसल्या तर नवल वाटू देऊ नये.

राहिला नागपूरचा प्रश्न. बुचे न हललेल्या चारपैकी एक चाखून पाहावी. ती ठीक असली तरी त्या बाटल्या पुढे वर्षानुवर्षे मुरवत ठेवू नयेत, वर्षभरात संपवाव्यात. भारतात उतरताना विमानतळावर माणशी 2 लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय नेता येते. 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या त्यात बसतात, तिसरीने मर्यादा ओलांडली जाते. सामान चेक-इन करताना बाटल्या कपड्यांच्या मधोमध ठेवाव्यात, आणि शक्य असेल तर हिवाळ्यातच जावे. घरी पोचल्यावर त्यांना निदान आठवडाभर थंड, अंधाऱ्या जागी स्वस्थ पडू द्यावे. प्यायला देताना वाइन 16 अंशांच्या आसपास असावी, म्हणून आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवणे नागपुरात डिसेंबरातही आवश्यक आहे. आणि समारंभाला सावजी मटण असेल तर ही वाइन त्याच्यासोबत देऊ नये, कारण त्या तिखटापुढे तिचा गंध टिकत नाही. जेवणाच्या तासभर आधी, साध्या भाजलेल्या कोंबडीबरोबर किंवा लोण्यावर परतलेल्या मशरूमबरोबर द्यावी.