शहरातली नोकरी ठेवून जवळच्या ग्रामीण भागात घर घ्यायचंय, आधी काय तपासावं?

सगळ्यात आधी पाणी. शहरात पाण्याची तपासणी पालिका करते. विहीर किंवा बोअर असेल तर ते काम तुमचं. प्रयोगशाळेतून कोलिफॉर्म (पाण्यात सांडपाणी मिसळलं असावं हे सुचवणारे जिवाणू) आणि नायट्रेट तपासून घ्या. शेतातलं खत झिरपून नायट्रेट वाढतं आणि पाणी उकळून ते जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम आहे, ती मुख्यतः बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांचा विचार करून ठरवलेली. उन्हाळ्यातल्या एका रिपोर्टवर मात्र विसंबू नका, जोरदार पावसानंतर पुन्हा तपासा. सेप्टिक टँक शेवटचा कधी उपसला तेही विचारा. आणि रोजच्या प्रवासाचा वेळ रविवारी मोजू नका (बहुतेक जण तेच करतात), सोमवारी सकाळी ऑफिसच्या वेळेला निघून बघा.