डाळीच्या पाकिटावर काय लिहावं?

ताई, तुम्ही विचारलंय की उदगीरला छोटी डाळगिरणी सुरू केलीय, एक किलोच्या पाकिटावर 'शुद्धता हीच आमची ओळख' छापायचं ठरवलंय, ते कसं वाटतं. आणि असल्या चार शब्दांनी गिऱ्हाइकाच्या मनात खरंच काही फरक पडतो का, हेही.

लातूर-जालना-परभणी पट्ट्यात तीस वर्षं मी भिंती आणि दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आता पाकिटांची छपाई करतो. फरक पडतो. पण तुमच्या ओळीने पडणार नाही. 'शुद्धता' हा शब्द गुळगुळीत झालाय हे तर आहेच. दूध डेअरीपासून सराफापर्यंत सगळ्यांच्या पाटीवर तो आहे. त्याहून मोठी अडचण 'आमची' या शब्दात आहे.

मराठीत 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. हिंदीच्या 'हम'मध्ये हे दोन्ही मावतात. १९८९ ची बजाज स्कूटरची 'हमारा बजाज' ही जाहिरात आठवा. जपानी तंत्राच्या मोटारसायकली बाजारात आल्या होत्या, तरी या दोन शब्दांत ना ॲव्हरेज आहे, ना किंमत. आहे ते फक्त नातं. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून चालू, आपल्याकडची कितीतरी पोरं तिथे कामाला. त्यांच्या घरात त्या 'हमारा'ला आणखी एक अर्थ होता. हीच ओळ मराठीत 'आमचा बजाज' केली असती तर मालक बोलतोय असं वाटलं असतं. तिथे 'आपला'च लागतो. तुमच्या ओळीत तुम्ही स्वतःच स्वतःची ओळख सांगताय, आणि गिऱ्हाईक दाराबाहेर उभं आहे.

शाळेत शब्दाच्या तीन शक्ती शिकलो, अभिधा, लक्षणा, व्यंजना, त्यातली व्यंजना भिंतीवर कामाला येते. सांगायचं एक आणि पोहोचवायचं दुसरंच. 'विको टर्मरिक, नहीं कॉस्मेटिक' बघा. या क्रीमला सौंदर्यप्रसाधन धरून कर लावायचा की आयुर्वेदिक औषध मानायचं, यावर कंपनीचा अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं वाद चालला. म्हणजे ती ओळ कंपनीची कोर्टातली बाजूच होती. घरातल्या बाईला कोर्टाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला ऐकू आलं ते एवढंच, की हे नटण्यामुरडण्याचं नाही, हळदीचं आहे. हळद आपण नवरीला लावतो आणि जखमेवरही दाबतो. त्यामुळे ती ट्यूब सासूसमोर फळीवर ठेवायला संकोच राहिला नाही. एका 'नाही'ने केवढं काम केलं!

'गाव तिथे एसटी' मध्ये तर क्रियापदच नाही. जाते, जाईल, पोहोचते, असं काहीच म्हटलेलं नाही. म्हणून ते आश्वासन वाटत नाही, आहेच असं वाटतं. आणि कुठलं गाव तेही सांगितलेलं नाही, ते वाचणारा मनातल्या मनात घालतो. ओळीत अशी रिकामी जागा ठेवता येणं मला सगळ्यात अवघड वाटतं.

आता एक माझा अनुभव. नव्वदच्या दशकात एका बियाणे कंपनीसाठी मी परभणी रस्त्याच्या गावांत भिंती रंगवल्या: 'पेरा निर्धास्त'. ओळ माझीच, कंपनीला फार आवडली. त्या साली मृगात पेरण्या झाल्या आणि पावसाने खंड दिला. दुबार पेरणीची वेळ आली. बियाण्यात खोट नव्हती, पण 'निर्धास्त' हा शब्द पावसाचीही हमी देऊन बसला होता. एका गावात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "पेंटर, ह्यो शब्द कुणाचा हाय?" मी गप्प राहिलो. ते गप्प राहणं अजून टोचतं.

तेव्हापासून मी 'घोषवाक्य' न म्हणता 'ब्रीदवाक्य' म्हणतो. घोष करून मोकळं होता येतं, ब्रीद पाळावं लागतं. नामदेवांच्या अभंगात 'पतितपावन' हे नाव ऐकून भक्त दाराशी येतो आणि तसा अनुभव नाही म्हणून माघारी निघतो. देवालाही ब्रीद सुटत नाही, तर आपण कोण?

'शुद्ध'ला कायद्याचाही अडसर आहे. शुद्ध, नैसर्गिक, ताजं, अस्सल हे शब्द कधी वापरता येतात याच्या अटी एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत आहेत, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे. तसंच, आपल्या लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन (म्हणजे त्या भागातल्याच मालाला ते नाव लावायचा हक्क) मिळालंय म्हणून कुठल्याही तुरीवर 'बोरसुरी' छापू नका.

तुमची खरी ओळ तुमच्याच प्रश्नात आहे. आईच्या हट्टापायी तुम्ही डाळीला पॉलिश करत नाही, आणि रंग फिका दिसतो म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतं, असं तुम्ही लिहिलंय. तो फिकेपणा लपवू नका, त्यालाच बोलू द्या. रानातली तूर जात्यावर भरडून केलेली डाळ अशीच फिकी असते, आणि पुण्याला गेलेली आपली माणसं परतताना तीच पिशवीत बांधून नेतात. म्हणून मला सुचतं: 'बिनपॉलिशची, घरच्यासारखी'. 'घरची' म्हणू नका, कारण तूर तुम्ही आडतीवरून घेता. कुणाचं घर ते लिहायचं नाही; ज्याने पाकीट हातात घेतलं, त्याचं. 'रंग फिका, चव पक्की' असंही मनात आलं होतं, पण पक्की चव म्हणजे काय, हे कुणी विचारलं तर सांगता येणार नाही.

'तेलाचा थेंबही नाही' असं मात्र चुकूनही लिहू नका. तुरीचं साल चिवट, ते सुटावं म्हणून भरडण्याआधी गिरणीत तेल-पाणी लावतात. पॉलिश म्हणजे त्यानंतर डाळीला चमक आणणं, ती वेगळी गोष्ट.

छपाईचा सिलिंडर, म्हणजे मजकूर कोरलेला रूळ, करायची घाई नको, तो खर्च मोठा असतो. आधी शंभरेक पाकिटांवर स्टिकर लावून दोन-तीन किराणा दुकानांत ठेवा. महिन्याने दुकानदाराला विचारा, दुसऱ्यांदा आलेली माणसं डाळ काय म्हणून मागतात. ती जर "ती फिकी डाळ द्या" म्हणत असतील, तर माझी ओळ सोडा आणि 'फिकी' हाच शब्द पाकिटावर मोठा छापा.