नळी घालताना प्रेशर चढलं तर?

“नळी घालताना प्रेशर चढतं आणि डोक्यातली शीर फुटते म्हणे. खरं का डॉक्टर?”

नळी म्हणजे पूर्ण भूल दिल्यावर श्वासासाठी श्वासनलिकेत घालतात ती. भूलपूर्व तपासणीला आलेल्या डिचोलीकडच्या काकींचा हा पहिलाच प्रश्न. वय ५८, वजन ६० किलो. पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरलेली. आल्या आल्या प्रेशर १६८/९६ होतं आणि नाडी १०४. दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं तेव्हा १५०/८८. नियोजित शस्त्रक्रिया आम्ही सहसा १८०/११० च्या पुढे असेल तर पुढे ढकलतो, त्यामुळे इथे ती थांबवायचं कारण नव्हतं.

प्रेशर चढतं, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. लॅरिंगोस्कोपचं, म्हणजे घसा बघायच्या उपकरणाचं, पातं जिभेचं मूळ उचलतं, मग नळी स्वरयंत्रातून श्वासनलिकेत जाते. या भागात मज्जातंतूंचं दाट जाळं आहे. रुग्ण झोपलेला असला तरी तिथून मेंदूला संदेश जातो, अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्यं रक्तात येतात आणि नाडी व प्रेशर काही सेकंदांतच वाढू लागतात. एक-दोन मिनिटांत ते शिखर गाठतं, पाच-दहा मिनिटांत ओसरतं. धडधाकट माणसाला ते सहज सोसतं. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील किंवा मेंदूतल्या धमनीला फुगा असेल तर मात्र धोका खरा असतो. काकींना यातलं काही नव्हतं.

उपाय औषधांपेक्षाही वेळेत आहे. काकींसाठी फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक २ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो, म्हणजे १२० मायक्रोग्रॅम, नळीच्या चार-पाच मिनिटं आधी द्यायचं ठरलं. आयत्या वेळी दिलं तर त्याचा जोर नळी गेल्यावर येतो. लिग्नोकेन, हे बधिर करणारं औषध, १.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो, म्हणजे ९० मिलिग्रॅम, दीड ते तीन मिनिटं आधी. झोपेचं प्रोपोफॉल थोडं थोडं करून. स्नायू सैल करणारं व्हेक्युरोनियम दिल्यावर पूर्ण तीन मिनिटं थांबायचं. घाई इथेच नडते. स्नायू अर्धवट सैल असताना पातं घातलं की रुग्ण खोकतो आणि प्रेशर उसळतं. पातं आत असण्याचा वेळ, म्हणजे लॅरिंगोस्कोपी, शक्यतो १५ सेकंदांत संपवायची. तरीही नाडी पळालीच तर ती मंदावणारं एस्मोलॉल ३० मिलिग्रॅम हाताशी. त्याचा असर काही मिनिटांतच उतरतो, म्हणून ते सोयीचं.

एवढं ऐकून काकी जरा सैलावल्या आणि हळूच म्हणाल्या, “मी त्या दिवशी सकाळची प्रेशरची गोळी एकाऐवजी दोन घेणार होते. खबरदारी म्हणून.”

खरा धोका इथे होता. त्यांच्या सकाळच्या एकाच गोळीत टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ अशी प्रेशरची दोन औषधं होती, शिवाय नाडी मंद ठेवणारं मेटोप्रोलॉल २५ वेगळं. टेल्मिसार्टन अंगात असताना भूल दिली तर प्रेशर कधी कधी इतकं पडतं की नेहमीच्या इंजेक्शननं लवकर वर येत नाही. म्हणून आम्ही ते २४ तास आधी थांबवतो. मेटोप्रोलॉल उलट अजिबात चुकवायचं नाही, एकदम बंद केलं तर नाडी उसळते. जोडगोळीमुळे घोटाळा होतो. ती बंद केली की अ‍ॅम्लोडिपिनही सुटतं. काकींना त्या सकाळपुरती अ‍ॅम्लोडिपिनची सुटी गोळी लिहून दिली.

“पण उपाशी राहायचं ना?” मुलीनं विचारलं.

“गोळ्या सहा वाजता दोन घोट पाण्याबरोबर द्या. पाणी किंवा कोरा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. पेज मात्र जेवणातच धरायची, ती सहा तास आधी बंद.” आपल्याकडे पेजेला पाण्यात जमा करतात, म्हणून हे प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी नळीआधी प्रेशर १४६/८४ होतं. नळी गेल्यावर १६२/९४, नाडी ९६. पाच मिनिटांत १२४/७६. नंतर, चिरा पडायच्या आधी, ते ९२/५४ वर उतरलं. नळीचा त्रास संपलेला, चिरा अजून नाही आणि औषधं जोरात, अशा मधल्या वेळात हे होतंच. प्रेशर वाढवणारं मेफेंटरमिन ६ मिलिग्रॅम देऊन ते सावरलं. काकींच्या दोन गोळ्या पोटात असत्या तर हे सावरणं अवघड गेलं असतं.

नळी काढतानाही प्रेशर चढतं, म्हणून तेव्हा पुन्हा लिग्नोकेन दिलं. जोडगोळी दुसऱ्या दिवशी सकाळी, काकी नीट पाणी पिऊ लागल्यावर आणि प्रेशर १३८/८२ दिसल्यावर, परत सुरू केली.